मोकळी जागा वाचवायची कशी, वापरायची कशी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचा छोटासा गट गेली काही वर्षं एका जुन्या मैदानासाठी आणि त्याला लागून असलेल्या बागेसाठी काम करतोय. दर आठवड्याला कोणी ना कोणी येऊन साधारण हेच प्रश्न विचारतं म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. काही उत्तरं लांबलीत कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

मोकळी जागा म्हणजे फक्त बाग का?

नाही. बाग, मैदान, ओढ्याकाठची पट्टी, तळ्याचा काठ, टेकडी, दोन इमारतींमधला तुकडा, जुन्या रेल्वेलाईनची जागा, सगळं यात येतं. न्यूयॉर्कचा हाय लाईन हा तर चक्क बंद पडलेला उंचावरचा रेल्वेमार्ग होता, पाडायचं ठरलेलं, 1999 मध्ये तिथल्या दोघा रहिवाशांनी तो वाचवायला गट काढला आणि 2009 मध्ये त्याचा पहिला भाग बाग म्हणून सुरू झाला. तेव्हा "इथे तर नुसतं गवत वाढलंय, ही कसली बाग" असं म्हणून कुठल्या जागेकडे कानाडोळा करू नका.

एवढा आटापिटा कशाला? लोकांना खरंच गरज आहे का?

आहे, आणि हे फक्त आमचं मत नाही. 1984 मध्ये रॉजर उलरिच या संशोधकांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 पेशंटचे रेकॉर्ड तपासले होते, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलरही कमी लागल्या. नुसतं खिडकीतून बघून हा फरक, मग रोज अर्धा तास झाडाखाली बसणाऱ्याचं काय!

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप ऑफिसची शिफारस आहे की घरापासून 300 मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी. सेसिल कोनाइनेंडाइक या तज्ज्ञांनी 2021 मध्ये त्याला सोपं रूप दिलं, 3-30-300. म्हणजे घरातून 3 मोठी झाडं दिसावीत, वस्तीत 30 टक्के सावली झाडांची असावी आणि 300 मीटरवर बाग असावी. आज खिडकीत उभं राहून मोजून बघा, बहुतेकांचा पहिल्याच आकड्यावर हिशोब चुकतो.

शिवाय माती उघडी असेल तरच पाऊस मुरतो. मैदान फरशीने झाकलं की तेच पाणी आजूबाजूच्या घरांत शिरतं, हे पूर आल्यावर कळून काय उपयोग.

पण ती जागा नुसती पडून आहे. तिथं घरं किंवा दवाखाना झाला तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे वाईट नसतात, घर आणि दवाखाना दोन्ही लागतंच. पण "पडून आहे" हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तिथं दुपारी एकदाच आलेला असतो. सकाळी सहाला चालणारे, चारनंतर पोरं, संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या आज्या, रात्री जेवणानंतर शतपावली करणारे, हे त्याला दिसलेलेच नसतात. आणि एकदा बांधकाम झालं की ती जागा परत मोकळी होत नाही.

बर्लिनचं टेम्पेलहोफ बघा. विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 मध्ये मैदान लोकांसाठी उघडलं. 300 हेक्टरच्या वर जागा, धावपट्टीवर सायकली, पतंग, स्केटिंग आणि गवतात चंडोल पक्ष्यांची घरटी. शहर सरकारने म्हटलं कडेकडेने घरं बांधू, मधलं तसंच ठेवू. ऐकायला अगदी रास्त वाटतं, बर्लिनमध्ये घरांची टंचाईही खरी होती. तरी 25 मे 2014 च्या सार्वमतात 64 टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की जागा अख्खी तशीच राहू द्या, आणि तसा कायदा झाला. माझ्या मते यातली खरी गोष्ट ही की मैदान चार वर्षं उघडं राहिलं होतं. लोकांनी ते वापरलं होतं, अंगवळणी पडलं होतं. कुलूप लावलेल्या जागेसाठी एवढी मतं पडली असती असं मला तरी वाटत नाही.

सुरुवात कुठून करायची? आम्ही तर तिघंच आहोत.

तिघं पुष्कळ झाले. बॅनर, लोगो, ग्रुपचं नाव या भानगडीत आधी पडू नका. पहिल्या दोन आठवड्यांत एकच करा, मोजणी. वही घ्या, दिवसातून चार ठराविक वेळांना प्रत्येकी पंधरा मिनिटं जागेवर बसा आणि कोण येतंय ते लिहा, लहान मुलं किती, म्हातारी माणसं किती, बायका किती, बसलेत की चालतायत. सुट्टीचा एक दिवस आणि कामाचे दोन दिवस तरी हवेत. आम्ही हे केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की सगळ्यात जास्त गर्दी सकाळी नाही तर संध्याकाळी साडेसहाला असते, आणि तेव्हाच अर्धे दिवे बंद असतात.

ही वही पुढे प्रत्येक मिटिंगमध्ये कामाला येते. "लोक खूप येतात" म्हटलं की समोरचा मान हलवतो, आकडे ठेवले की लिहून घेतो.

कागदपत्रं कुठली बघायची?

तीन गोष्टी. जागा कोणाच्या नावावर आहे, शहराच्या विकास आराखड्यात ती कशासाठी राखून ठेवलीये, आणि तिची हद्द नेमकी कुठून कुठपर्यंत आहे. बऱ्याच देशांत सरकारी माहिती मागण्याचा कायदा आहे, तो वापरा आणि नकाशाची प्रत मागा, तोंडी उत्तरावर अवलंबून राहू नका.

आणि मग स्वतः जाऊन मोजा. आम्ही एका रविवारी पन्नास मीटरची टेप घेऊन गेलो, एक जण टोक धरून कोपऱ्यातल्या दगडावर उभा, दुसरा कुंपणाशी, तिसरा लिहितोय. नकाशात पूर्वेची बाजू 92 मीटर आणि आमची टेप 86 ला संपली. तीनदा मोजलं. शेजारच्या कुंपणाचे खांब कधीतरी सहा मीटर आत आले होते आणि इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात नव्हतं, आम्ही सगळे रोज तिथूनच चालत जायचो. तक्रार केली, पुन्हा सरकारी मोजणी व्हायला जवळपास दीड वर्ष गेलं, पण झाली आणि खांब मागे गेले. नकाशा हातात नसता तर सहा मीटर गेले ते गेलेच होते.

हरकत कधी घ्यायची?

आराखड्याचा मसुदा जाहीर होतो तेव्हा. हरकती आणि सूचनांसाठी ठराविक दिवस असतात, ती मुदत कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. बुलडोझर आल्यावर जमा होणं म्हणजे वरातीमागून घोडं, तेव्हाही लढता येतं पण फार महाग पडतं, वेळ, पैसा, झोप सगळ्यानेच.

उशिरा का होईना, कोर्टात न्याय मिळाल्याची उदाहरणंही आहेत. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला हॉस्पिटलसाठी देऊन टाकली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, बागेची जागा अशी दुसऱ्या कामाला देता येणार नाही आणि आसपास राहणाऱ्यांना त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क आहे. हॉस्पिटल चांगलंच काम करणार होतं, तरीही. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाग जाते ती बऱ्याचदा चांगल्याच कारणाने जाते.

आंदोलन करायचं की अधिकाऱ्यांशी जमवून घ्यायचं?

दोन्ही लागतं, फक्त कोणतं कधी ते कळायला हवं. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधून मोठा रस्ता काढायचा बेत होता. शर्ली हेज नावाच्या आईने लढा उभा केला, पुढे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज वगैरेही आल्या, पण त्यांनी मागणी फार शहाणपणाने केली, बागेतून आधीपासून जाणारी वाहतूक थोडे दिवस बंद करून तर बघा. 1958 मध्ये बंद झाली, वाहतुकीची कोंडी काही झाली नाही, आणि 1959 मध्ये ती कायमची बंद झाली. अधिकाऱ्याला "कायमचं" या शब्दाची भीती वाटते, "तीन महिने करून बघू" म्हटलं की सही करणं सोपं जातं. आम्हीही बागेशेजारची पार्किंग अशीच हटवली.

अधिकारी बदलतात हेही लक्षात ठेवा. प्रत्येक मिटिंग झाली की त्याच रात्री चार ओळींचं मेल टाका, काय ठरलं आणि कोण करणार. पुढचा माणूस येईल तेव्हा तेच तुमचं पुराण.

पण हे सगळं सरकारचं काम आहे. आम्ही टॅक्स भरतो, मग झाडूही आम्हीच मारायचा?

राग अगदी बरोबर आहे. आमचं ठरलेलं सूत्र असं की रोजची सफाई, दिवे, पाणी, पगारी माळी हे त्यांचं, आणि त्यावर लक्ष ठेवणं, लोकांना जोडणं आणि जास्तीचं काहीतरी करणं हे आपलं. हे लेखी ठरवून घ्या. नाहीतर होतं काय, तुम्ही उत्साहाने झाडायला लागता आणि पुढच्या वर्षी सफाईवाल्याची नेमणूकच रद्द होते, आमच्याकडे हे झालंय आणि परत माणूस मिळवायला आठ महिने लागले.

लोकांची संस्था आणि शहर मिळून काम करतात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे सेंट्रल पार्क. 843 एकरांची ही बाग 1970 च्या दशकात पार मोडकळीला आली होती, 1980 मध्ये नागरिकांची संस्था उभी राहिली आणि तिने शहरासोबत ती सावरली. त्यातली एक युक्ती लहान बागेलाही लागू पडते. त्यांनी बागेचे 49 भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक जबाबदार माळी दिला. आम्ही पाचच भाग पाडले, प्रत्येकाला दोन शेजारी. "सगळ्यांची जबाबदारी" असताना नळ गळत राहायचा, आता त्या भागातल्या काकूंचा फोन त्याच दिवशी जातो.

मात्र श्रीमंत वस्तीतल्या बागेला देणग्या मिळतात आणि गरीब वस्तीतली तशीच राहते हा धोका खरा आहे, म्हणून देणगीच्या जोरावर सरकारी बजेट कमी करायला कधीही होकार देऊ नका.

पैसे कुठून आणायचे?

सुरुवातीला लागतच नाहीत. पुढे वर्गणी गोळा केलीत तर हिशोब दर महिन्याला बागेच्या फलकावर लावा, पावतीसकट. बाकाच्या बदल्यात मोठ्ठी जाहिरात मागणाऱ्याला नाही म्हणा.

सुरुवातीला पन्नास जण आले, आता पाचच येतात. काय चुकतंय?

नव्याचे नऊ दिवस, सगळीकडेच होतं, मनाला लावून घेऊ नका. पण एक गोष्ट बघा, तुमचे सगळे कार्यक्रम श्रमदानाचेच आहेत का? माणूस दर रविवारी कचरा उचलायला येत नाही, येऊही नये. त्याला बागेत मजा पण आली पाहिजे.

लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 ला 13 जण पाच किलोमीटर पळाले, फुकट, घड्याळ लावून, स्वयंसेवकांच्या जोरावर. त्यातून पार्करन उभं राहिलं आणि आज कितीतरी देशांत दर शनिवारी लोक बागांत पळतात. नियम काय, तर ठरलेला वार, ठरलेली वेळ, फी नाही, हळू पळणाऱ्याला कोणी हसत नाही. यातलं "ठरलेली वेळ" हे सगळ्यात मोलाचं आहे. आमचं पक्षीनिरीक्षण महिन्याच्या पहिल्या रविवारी सातला असतं, चार जण आले तरी होतं, म्हणून लोकांना विचारावं लागत नाही की आहे का नाही.

झाडं, कीटक, पक्षी यांचे फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकायला मुलांना फार आवडतं. 2016 मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात सुरू झालेली सिटी नेचर चॅलेंज ही अशाच नोंदींची स्पर्धा आता जगभर चालते, त्यात तुमचं छोटं मैदानही भाग घेऊ शकतं. आणि ही यादी पुढे हरकतीच्या अर्जाला जोडता येते, जिथे नोंदी आहेत ती जागा "नुसती पडून" राहत नाही.

झाडं लावायचीच आहेत. कुठली आणि किती?

आधी असलेली वाचवा. नवीन शंभर रोपांचा फोटो छान येतो पण जुन्या एका झाडाची सावली भरून निघायला अर्धं आयुष्य जातं.

आमच्या मैदानाच्या कडेला एका झाडाला रोप असताना लोखंडी जाळी लावली होती आणि मग ती काढायची सगळेच विसरले. खोड जाड होत गेलं, गज सालीत रुतले, साल दोन्ही बाजूंनी ओठासारखी फुगून लोखंडावर चढली, हात लावला तर गज नुसता टोकाला दिसत होता. एका सकाळी आम्ही हॅकसॉ घेऊन बसलो, बाहेर दिसणारा प्रत्येक गज सालीच्या जवळ कापला आणि आत रुतलेला तसाच राहू दिला, कारण ओढून काढला तर जखम मोठी होते. दोन तास लागले एका झाडाला. त्यानंतरचा पावसाळा गेला आणि आता साल त्यावरून मिटत आलीये. अशी झाडं तुमच्याकडेही असणार, जाऊन बघा. बुंध्यापर्यंत घातलेलं काँक्रीट, खिळे ठोकलेल्या पाट्या आणि गच्च गुंडाळलेल्या दिव्यांच्या वायरी पण काढा. बुंध्याभोवती निदान मीटरभर तरी माती उघडी हवी.

लावायची असतील तर आपल्या भागातली मूळ जातीची लावा आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरवून मगच खड्डा खणा. मियावाकी पद्धतीने दाट जंगल करायची हल्ली खूप आवड आहे, जपानच्या अकिरा मियावाकी यांची पद्धत चांगलीच आहे, उजाड कोपऱ्यात जरूर करा, पण मुळातच गवताळ असलेल्या माळावर नको. तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, त्यांना झाडी म्हणजे घर मोडणं. आणि मुलांच्या खेळायच्या जागेवर तर अजिबात नको.

वाळलेली पानं जाळू नयेत, मग करायचं काय?

जाळीचा गोल पिंजरा करा, पानं दाबून भरा, अधूनमधून पाणी आणि कापलेलं हिरवं गवत टाका. नुसती सुकी पानं वर्षभर तशीच पडून राहतात, ओल आणि हिरवं मिळालं की लवकर कुजतात. वास आला तर पाणी जास्त झालंय, उलथून मोकळं करा.

खेळणारी मुलं, कुत्री फिरवणारे, शांतता हवी असलेले ज्येष्ठ, रोज भांडणं होतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर, सामायिक मालमत्ता लोक स्वतः कशी सांभाळतात यावर. जंगलं, कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी अशा जागांवर त्यांना दिसलं की जिथे वापरणाऱ्यांनीच नियम केले, आपापसांत लक्ष ठेवलं आणि चुकणाऱ्याला आधी हलकी आणि मग वाढती शिक्षा ठेवली तिथे गोष्ट टिकते. म्हणून फलकावर "सक्त मनाई"ची पंधरा वाक्यं रंगवण्याआधी तिन्ही गटांना एका बाकावर बसवा. आमच्याकडे बॉल खेळणाऱ्या पोरांना मिटिंगला कोणी बोलावलंच नव्हतं, बोलावलं तर त्यांनीच सुचवलं की सहा ते सात छोट्यांची वेळ, त्यात आम्ही बॉल आणणार नाही. हा नियम दोन वर्षं झाली पाळतायत, मोठ्यांनी लादला असता तर दोन दिवस टिकला नसता.

आमच्या बागेत मुली आणि बायका फारशा दिसत नाहीत.

मग बागेत काहीतरी चुकतंय. व्हिएन्नामध्ये 1990 च्या दशकात पाहणीत दिसलं की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेत यायच्या कमी होतात, एकच मोठं मैदान असलं की मोठी मुलं ते व्यापतात आणि मुली मागे सरतात. त्यांनी दोन बागांत जागा लहान तुकड्यांत विभागली, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल बॅडमिंटनची सोय केली आणि मुली परत आल्या.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्येही असंच, उंच झुडपं आणि कुंपणामुळे आत काय चाललंय दिसत नव्हतं, बाग नशा करणाऱ्यांच्या ताब्यात गेली होती. लोक मोकळ्या जागा कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांच्या सल्ल्याने ती आरपार मोकळी केली, हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आणि 1992 मध्ये ती पुन्हा उघडली. दृष्टी अडवणारी झुडपं कंबरेइतकी ठेवा, सगळे दिवे चालू ठेवा, आणि स्वच्छ, उघडं असलेलं टॉयलेट. टॉयलेट नसेल तर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलांच्या आया अर्ध्या तासात घरी जातात, इतकं साधं आहे ते. व्हीलचेअर जाईल असा एक तरी सपाट रस्ता पण हवाच.

जागा कायमची सुरक्षित करता येते का?

बऱ्यापैकी. आराखड्यातलं आरक्षण बदलू शकतं, म्हणून त्यावर आणखी एक कायदेशीर कुलूप हवं. ब्रिटनमध्ये 1925 मध्ये सुरू झालेली फील्ड्स इन ट्रस्ट ही संस्था मालकाशी करार करून मैदानं कायमची राखून ठेवते. अमेरिकेत मालक जमीन स्वतःकडे ठेवून बांधकामाचा हक्क सोडून देऊ शकतो. तुमच्या देशात काय आहे ते वकिलाला विचारा.

लंडनजवळच्या एपिंग जंगलाची गोष्ट मला नेहमी आठवते. जमीनदार जंगलाला कुंपणं घालत होते आणि गावकऱ्यांचा फांद्या तोडायचा जुना हक्क होता. टॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्याने तो हक्क सोडला नाही, त्याच्या घरच्यांना 1866 मध्ये तुरुंगात जावं लागलं. शेवटी 1878 मध्ये कायदा झाला की हे जंगल कुंपण आणि बांधकामाशिवाय लोकांच्या आनंदासाठी मोकळं राहील. आजही ते आहे.

आणि एवढं करून आम्ही हरलो तर?

हरता येतं, आम्हीही एक तुकडा हरलोय, तिथे आता पार्किंग आहे आणि त्या बाजूने जाताना अजून मन खट्टू होतं. 1875 मध्ये ऑक्टाविया हिल या समाजसेविकेने लंडनमधली स्विस कॉटेज फील्ड्स वाचवायला पैसे गोळा केले होते, गरीब वस्तीतल्या मुलांना चालत जाता येईल एवढ्या जवळची ती कुरणं होती. जमली नाही गोष्ट, तिथे घरं झाली. त्या थांबल्या नाहीत, पुढे पार्लमेंट हिलच्या लढ्यात उतरल्या आणि ती टेकडी 1889 मध्ये लोकांची झाली, आणि 1895 मध्ये त्यांनी दोघा सहकाऱ्यांसोबत नॅशनल ट्रस्ट ही निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था काढली.

आम्ही हरलो त्याच्या पुढच्या आठवड्यात वही घेऊन ओढ्याकाठच्या पट्टीवर बसायला सुरुवात केली. सध्या संध्याकाळच्या मोजणीला दोन माणसं कमी पडतायत.